बाह्यरेषा रंगवून आधुनिक कला कळत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सातारा-सांगलीकडच्या शाळांमध्ये सध्या स्नेहसंमेलनांबरोबर कलाप्रदर्शने भरत आहेत. त्यांत ‘आधुनिक चित्रकला’ असा एक कोपरा आता हमखास असतो, ही खरेच आनंदाची गोष्ट आहे. पण त्या कोपऱ्यात बहुतेक ठिकाणी तेच ते दिसते. व्हॅन गॉगच्या तारांकित रात्रीची नक्कल, मोंद्रियानचे लाल-पिवळे-निळे चौकोन, कान्डिन्स्कीची वर्तुळे आणि रझांचा काळा बिंदू. मोबाइलवरून बाह्यरेषा उतरवून घ्यायची, तिच्या झेरॉक्स वाटायच्या आणि मुलांनी रंग भरायचे. वर्गातली सगळी चित्रे सारखी निघतात आणि मुलाला विचारले, ‘हे असे का काढले?’, तर त्याच्याकडे उत्तर नसते. हाच विषय नीट घेतला तर सातवी-आठवीची मुले त्यात रमतात, आणि त्याला लागणारे सामान तालुक्याच्या गावी स्टेशनरीच्या आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळते. म्हणून हे सविस्तर पत्र.

आमचे म्हणणे एवढेच आहे की प्रत्येक शैलीच्या मुळाशी चित्रकाराने स्वतःला घातलेला एक प्रश्न होता. वर्गात तो प्रश्न न्यावा आणि त्याचे उत्तर मुलांना आपल्या गावातल्या वस्तूंवर शोधू द्यावे. तयार चित्र समोर ठेवले की मुलाच्या हाती फक्त दुसऱ्याचे उत्तर येते.

कान्डिन्स्कीचेच पाहा. चौकोनांत एकात एक वर्तुळे असलेले त्याचे १९१३ सालचे काम शाळाशाळांतून उतरवले जाते. मुळात तो रंगांचा अभ्यास होता. कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी कसा दिसतो, हे तो तपासत होता. मग मुलांनीही तेच तपासावे. एकाच लाल घोटीव कागदाच्या ३ सेंटिमीटर व्यासाच्या चार टिकल्या कापा आणि पिवळ्या, हिरव्या, नारिंगी व काळ्या कागदावर एकेक चिकटवा. नारिंगीवरचा लाल मंद दिसतो, हिरव्यावरचा उसळून वर येतो, काळ्यावरचा उजळ वाटतो. एकाच कागदाच्या टिकल्या आहेत हे मुलांना खरे वाटत नाही, ती उलटून पाहतात. पंधरा मिनिटांच्या या कामानंतर वर्तुळे काढायला सांगितली तर रंग निवडण्यामागे विचार येतो.

सर्वांत जास्त फसतो तो बिंदुवाद, म्हणजे रंगांचे ठिपके शेजारी शेजारी देऊन चित्र करण्याची शैली. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा याने ‘ला ग्रांद जाट’ बेटावरच्या रविवारचे चित्र १८८४ ते १८८६ या काळात केले. ते सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे. शाळेत मुलाला ए-४ कागद आणि स्केचपेन देऊन ‘ठिपक्यांनी भर’ असे सांगतात. जरा हिशेब करू. ३ मिलिमीटरचे ठिपके लगोलग दिले तर ए-४ कागदाला जवळजवळ सात हजार ठिपके लागतात. सेकंदाला एक धरला तरी दोन तास गेले, आणि शाळेचा तास ३५ मिनिटांचा. अर्ध्या वाटेत मूल कंटाळते, ठिपक्यांचे फटकारे होतात आणि शेवटी सरळ रंग घासला जातो. याला मुलाचा आळस म्हणू नये, कागद चुकीचा दिलेला असतो. १० सेंटिमीटर बाजूचा चौकोन द्यावा. त्यात अकराशेच्या आसपास ठिपके बसतात, वीसेक मिनिटांत काम होते. ५६ बाय ७६ सेंटिमीटरच्या एका फुल इंपीरियल शीटमधून असे पस्तीस चौकोन निघतात, म्हणजे एका शीटमध्ये जवळपास एक वर्ग भागतो.

ठिपक्यासाठी कापसाचे बड घेऊ नयेत. ते रंग पितात, फुगतात आणि थोड्याच वेळात ठिपक्याऐवजी डाग पाडू लागतात. आगकाडीचे मागचे टोक उत्तम. पोस्टर कलर तीन भाग आणि पाणी एक भाग एवढाच पातळ करावा. याहून पातळ केला तर ठिपका पसरतो, नुसता घट्ट घेतला तर काडीबरोबर तार ओढली जाते. ओल्या ठिपक्याला ओला ठिपका लागला की दोघांचा चिखल होतो. म्हणून आधी सगळ्या कागदावर एकच रंग विरळ टिपून घ्यावा, पाच मिनिटे वाळू द्यावा आणि मग दुसरा रंग मधल्या जागांत टिपावा. पिवळ्यापासून सुरुवात करून निळ्याकडे जावे, कारण निळ्यावर चुकून पडलेला पिवळा मळतो.

याच ठिकाणी एक चुकीची समजूत वर्षानुवर्षे सांगितली जाते. पिवळे आणि निळे ठिपके शेजारी दिले की लांबून हिरवे दिसते, असे पुस्तकी उत्तर दिले जाते. मुले इमानदारीने करून पाहतात आणि त्यांना मळकट करडा रंग दिसतो. रंग वाटीत मिसळणे वेगळे आणि डोळ्यात मिसळणे वेगळे. डोळ्यात दोन्ही ठिपक्यांच्या प्रकाशाची सरासरी होते, आणि निळ्या-पिवळ्याची सरासरी करड्याकडे जाते. झाडी हिरवी दिसायला हवी असेल तर हिरवेच ठिपके घ्यावेत आणि त्यांत उन्हाच्या बाजूला पिवळे व नारिंगी, सावलीच्या बाजूला निळे व जांभळे मिसळावेत. जॉर्ज सरा यानेही हिरव्यासाठी हिरवा वापरला आहे. मुलाला करडा दिसला तर त्याचा डोळा बरोबर आहे, हे त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे.

दुसरी अडचण अंतराची. ३ मिलिमीटरचे ठिपके डोळ्यात पुरते मिसळायला सुमारे १० मीटर लांब जावे लागते. आपले वर्ग सहा-सात मीटरचे. मुले शेवटच्या बाकावरून पाहतात, ठिपके ठिपकेच दिसतात आणि प्रयोग फसला असे वाटते. चित्र व्हरांड्याच्या एका टोकाला टांगून दुसऱ्या टोकाहून किंवा मैदानातून पाहावे. सोबत आपल्याच वर्तमानपत्रातला एखादा रंगीत फोटो विज्ञानाच्या पेटीतल्या भिंगाखाली धरावा. आकाशी, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईचे बारीक ठिपके साफ दिसतात. रोज घरी येणाऱ्या कागदावर हे असते, हे कळल्यावर वर्गात भिंगासाठी ओढाओढ होते.

घनवादासाठी, म्हणजे एकाच वस्तूच्या अनेक बाजू एका चित्रात मांडण्याच्या शैलीसाठी, आपल्या भागाइतकी सोय क्वचित कुठे असेल. पिकासो आणि ब्राक यांनी गिटार, मेंडोलिन, व्हायोलिन यांची चित्रे पुन्हा पुन्हा केली, कारण वाद्याला पोकळी असते, वळण असते, तारांच्या सरळ रेषा असतात आणि एका जागेवरून ते सगळे दिसत नाही. आपल्याकडे मिरजेत तंबोरे आणि सतारी घडतात. शाळेत तंबोरा असेल तर तो घ्यावा, नसेल तर पेटी, तीही नसेल तर कंदील किंवा किटली. वस्तू वर्गाच्या मधोमध बाकावर ठेवून मुलांना चारही बाजूंनी बसवावे. पहिल्या तासात प्रत्येकाने तीन जागांवरून आठ-आठ मिनिटांची तीन रेखाटने करायची, एक समोरून, एक बाजूने, एक उभे राहून वरून. तंबोरा लांब असतो. मूल तो सगळा कागदावर बसवायला जाते आणि भोपळा लिंबाएवढा होतो. म्हणून एका जागेवरून फक्त भोपळा आणि घोडी, दुसऱ्या जागेवरून फक्त खुंट्या, तिसऱ्या जागेवरून दांडीचा वरून दिसणारा भाग, असे वाटून द्यावे आणि प्रत्येक रेखाटन कागदाच्या कडांना भिडलेले असावे असा नियम करावा.

दुसऱ्या तासाला तिन्ही रेखाटने कापून पाव इंपीरियल शीटवर मांडायची. प्रत्येक रेखाटनातले निदान दोन तुकडे आले पाहिजेत आणि प्रत्येक तुकड्यात वाद्याचा ओळखू येणारा एक तरी भाग हवा. तुकडे लगेच चिकटवू नयेत. मांडणी दोनदा मोडून पुन्हा करायला लावावी, पहिली मांडणी बहुतेक वेळा मूळ वाद्याच्याच आकारात येते. तिसऱ्या तासाला रंग. यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), काळा आणि पांढरा, एवढेच चार द्यावेत. १९१०-११च्या सुमारास पिकासो-ब्राक यांनीही रंग तपकिरी-करड्यापुरते आवरले होते, लक्ष आकाराकडे राहावे म्हणून. प्रत्येक तुकड्याची एक कड गडद करून समोरच्या कडेपर्यंत छटा विरत न्यायची. छटा पडली की तुकडे मागे-पुढे सरकू लागतात. सपाट रंगाने ते जागच्या जागी थिजतात.

शाळेतला नेहमीचा ‘घनवाद’ मात्र असा असतो: आधी मोराचे किंवा चेहऱ्याचे पूर्ण चित्र काढायचे, त्यावर पट्टीने आडव्या-तिरक्या रेघा मारायच्या आणि प्रत्येक खण वेगळ्या रंगाने भरायचा. ती रंगीत काचांची खिडकी झाली. दिसायला छान, पण त्यात पाहणारा एकाच जागी बसलेला आहे. घनवादात पाहणारा हलतो. परीक्षकांनी एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी स्पर्धांचे निकाल बदलतील.

१९१२ मध्ये पिकासो आणि ब्राक यांनी चित्रात छापील कागद चिकटवायला सुरुवात केली. पिकासोने वर्तमानपत्राचे तुकडे वापरले. आपल्याकडे जुनी वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका, एसटीची तिकिटे मुबलक असतात. वर्तमानपत्राचा कागद चिकटवताना सुरकुत्या पडतात, कारण ओला झाल्यावर तो फुगतो. दोन भाग फेविकॉलमध्ये एक भाग पाणी घालून तुकड्याच्या मागे ब्रशने पातळ हात द्यावा, मिनिटभर थांबून कागद फुगू द्यावा आणि मग मधून कडांकडे दाबत चिकटवावा. वर प्लॅस्टिकचा कागद टाकून रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली ठेवावे. हे काम खिडकीच्या उन्हात टांगू नये, वर्तमानपत्र लवकर पिवळे पडते.

मोंद्रियानच्या चौकोनांआधी झाडे होती. १९०८ ते १९१२ या काळात त्याने झाडांची चित्रे केली आणि त्यांत फांद्या हळूहळू रेषा होत गेल्या. मुलांनी शाळेच्या आवारातला वड किंवा आंबा घेऊन १५ सेंटिमीटरच्या तीन चौकोनांत तीनदा काढावा. पहिल्यांदा जसा दिसतो तसा, दुसऱ्यांदा फक्त मोठ्या फांद्या आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा, तिसऱ्यांदा फक्त आडव्या-उभ्या रेषा. मग काळ्या कागदाच्या ४, ६ आणि ९ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून द्याव्यात. रंगवलेली रेषा हलत नाही, पट्टी सरकवून पाहता येते, आणि सगळे शिक्षण त्या सरकवण्यातच आहे. दोन चुका नेहमी होतात. पट्ट्या सारख्या अंतरावर लावल्या जातात आणि प्रत्येक खणात रंग भरला जातो. निम्म्याहून जास्त जागा पांढरी ठेवायची आणि लाल फक्त एकदाच वापरायचा, असे बंधन घातले की मुले तो एक लाल कुठे द्यावा यावर विचार करू लागतात. खणात रंग भरताना मास्किंग टेपखालून तो झिरपत असेल तर टेपची कड नखाने दाबून तिच्यावर आधी पांढऱ्याचा एक हात द्यावा. फट पांढऱ्याने बुजते, नंतरचा रंग आत जात नाही.

चित्रकार मातीसची, रंगवलेला कागद कापून केलेली कागदकामे सोपी आहेत, पण क्रम पाळला पाहिजे. आधी कोऱ्या कागदाला सपाट रंग द्यायचा, वाळल्यावर पेन्सिलीने न आखता थेट कात्रीने आकार कापायचे. आखून कापले की हात रेषेमागे जातो आणि आकार कडक होतो. कागद एकाच बाजूने रंगवला तर गुंडाळी होते, मागून साध्या पाण्याचा हात फिरवून वजनाखाली वाळवावा. अतिवास्तववादासाठी, म्हणजे स्वप्नातल्यासारखी चित्रे करण्याच्या शैलीसाठी, चित्रकार माक्स एर्न्स्टने १९२५ मध्ये सुरू केलेले घासून ठसा घेण्याचे तंत्र घ्यावे. ६०-७० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) पातळ कागद गोणपाट, वेताची टोपली, सागाच्या पानाची मागची बाजू, लाकडी फळी यांवर टेपने बसवून आडव्या धरलेल्या मेणखडूने घासायचे आणि ठशांत जे दिसेल त्यातून प्राणी, डोंगर, माणसे शोधून काढायची. कार्ट्रिज कागद जाड पडतो, त्यावर ठसा उठत नाही. आणि टेप न लावता घासले तर कागद सरकून ठसा दुहेरी येतो.

जॅक्सन पोलॉकची ठिबकचित्रे, म्हणजे रंगाची धार वरून सोडून केलेली चित्रे, शाळेत करायला शिक्षक घाबरतात, आणि पसारा पाहता ते स्वाभाविक आहे. पण फसण्याचे कारण रंगात आहे. पोलॉक घरांना देतात तो एनॅमल रंग वापरत असे. त्याची धार अखंड पडते. पोस्टर कलरमध्ये नुसते पाणी घातले की धार तुटून थेंब पडतात आणि चित्राऐवजी शिंतोडे उरतात. चार भाग रंगाला एक भाग फेविकॉल आणि अगदी थोडे पाणी घातले की काडीवरून लांब रेष सुटते. कागद जमिनीवर, मैदानात, वारा नसताना. एका गटाला दोनच रंग.

भारतीय आधुनिक चित्रकारांशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९४७ मध्ये मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. त्यांतले हुसेन आपल्या शेजारच्या पंढरपूरचे. रझांच्या बिंदूची मुळे त्यांच्या प्राथमिक शाळेत आहेत. चंचल मुलाचे लक्ष एकवटावे म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितले होते. काळे वर्तुळ उतरवून घेण्याऐवजी मुलांनाही पाच मिनिटे एका ठिपक्याकडे टक लावून बसवावे आणि नंतर त्याभोवती काय काय दिसू लागले ते काढायला सांगावे. नागपूरला जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचे रोलर आणि पॅलेट नाइफने केलेले थरांचे काम दोन इंची फोम रोलरने करता येते. इथे अडचण अशी की पोस्टर कलरचा खालचा थर वरच्या ओल्या थराने पुन्हा विरघळतो आणि सगळे मातकट होते. खालच्या थरात फेविकॉल मिसळावा किंवा ॲक्रिलिक वापरावे, दोन थरांत निदान वीस मिनिटे जाऊ द्यावीत आणि जुन्या प्लॅस्टिकच्या ओळखपत्राच्या कडेने वरचा थर ओला असतानाच खरवडावा.

आता औंधबद्दल. खटाव तालुक्यातल्या औंधला, यमाईच्या डोंगरावर, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेले श्रीभवानी वस्तुसंग्रहालय आहे. तिथे रवि वर्म्यांची चित्रे आहेत हे बऱ्याच जणांना माहीत असते. पण आधुनिक शिल्पकलेतले मोठे नाव असलेल्या हेन्री मूरचे ‘आई आणि मूल’ हे दगडी शिल्पही तिथेच आहे. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना विसाव्या शतकातले अस्सल शिल्प एसटीने जाऊन पाहता येते, आणि शाळांच्या सहली प्रतापगड, सज्जनगड करून परत येतात. ते जरूर पाहावेत, पण औंधही जोडावे. जाताना मुलांना एकच काम द्यावे: शिल्प जितक्या बाजूंनी दिसेल तितक्या बाजूंनी त्याची फक्त बाह्याकृती काढायची, डोळे-नाक काही नाही. परतल्यावर कपडे धुण्याच्या साबणाची वडी द्यावी. वडीच्या चारही बाजूंवर आकृती आखून आइस्क्रीमच्या काडीने थोडे थोडे खरवडायचे. वडी ताजी हवी, जुनी कोरडी वडी पापुद्र्यांनी फुटते. कुठलाही भाग दीड सेंटिमीटरपेक्षा बारीक करू नये, मानेपाशी हमखास तुटते. मुले एकाच बाजूने कोरत बसतात, म्हणून दर पाच मिनिटांनी शिक्षकांनी ‘फिरवा’ म्हणायचे आणि सगळ्यांनी वडी पाव फेरा वळवायची.

‘हे परीक्षेला येते का?’ असे पालक विचारतात. शासकीय रेखाकला परीक्षांच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही पायऱ्यांना संकल्पचित्राचा (डिझाइनचा) पेपर असतो. दिलेला आकार विभागणे, मोकळी जागा राखणे, मोजके रंग निवडणे, हेच तिथे लागते, आणि ते पट्ट्या सरकवून व कात्रीने कापून फार चांगले तयार होते. शिक्षण हक्क कायदा २००९च्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या शंभरावर पट असलेल्या शाळांसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे. जिथे तो नाही तिथे वर्गशिक्षकच चित्रकलेचा तास घेतात. वरचे बारकावे मुख्यतः त्यांच्यासाठी आहेत. गुण देताना मूळ चित्राशी साम्य पाहू नये. ठरवलेले बंधन पाळले का, मांडणी बदलून पाहिली का आणि कागदाच्या मागे मुलाने ‘मी काय करून पाहिले’ हे चार ओळींत लिहिले का, एवढे पाहावे.

स्पर्धा आणि प्रदर्शने भरवणाऱ्या संस्थांना आमची विनंती आहे की ‘आधुनिक शैली’ या गटासाठी नियमपत्रकात एक वाक्य घालावे: चित्र प्रत्यक्ष वस्तूवरून, जागेवरून किंवा साहित्याच्या प्रयोगातून केलेले असावे, छापील बाह्यरेषेवरचे काम स्वीकारले जाणार नाही. सोबत कच्ची रेखाटने जोडायला सांगावीत. प्रदर्शनात चित्राशेजारी ती वस्तूही ठेवावी, म्हणजे पाहायला येणाऱ्या पालकांना मुलाने काय केले ते समजेल.

आपल्या बालपुरवणीत रंगवण्यासाठी बाह्यरेषेचे चित्र छापून येते. महिन्यातून एकदा त्या जागी असा एखादा उपक्रम देता आला तर तो आकृत्यांसह लिहून देण्यास आम्ही तयार आहोत.

आपले,
काही कलाशिक्षक, सातारा